काश्मीरच्या सरोवरांसाठी आठ दिवस पुरतील का?

वाचकांचे पत्र: मी कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते, वय ४६. यजमान ५२ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगी १९ वर्षांची, धाकटे दीर ३८ वर्षांचे. आम्ही चौघेही बहुतेक रविवारी सिंहगड चढतो. यजमान आतकरवाडीतून तासाभरात वर पोहोचतात. ऑगस्टमध्ये काश्मीरमधील सात सरोवरांचा ट्रेक करावा, असे घरात ठरत आहे. भाऊजींनी आखणी केली आहे ती अशी: शनिवारी सकाळी पुण्याहून विमानाने श्रीनगर आणि त्याच संध्याकाळी सोनमर्ग, रविवारी चालायला सुरुवात, शुक्रवारी नारानागला उतरून श्रीनगर, शनिवारी पुणे. म्हणजे रजा पाचच दिवसांची लागते. ट्रेक कंपनीचा खर्च वाचवण्यासाठी तिथला एखादा घोडेवाला ठरवून स्वतःच जावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मोबाइलला रेंज नसते म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे एक यंत्रही त्यांनी अमेरिकेहून मागवले आहे. सासूबाईंना मात्र हे सगळे पसंत नाही. आमची तयारी पुरेशी आहे का? यजमानांना न्यावे का? कंपनी घ्यावी की नको? आणि बूट, कपडे कोणते घ्यावेत?

उत्तर:

आपण चार प्रश्न विचारले आहेत, पण पत्रातील ज्या गोष्टीबद्दल आपल्याला शंका आलेली दिसत नाही, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. भाऊजींच्या आखणीत चार दिवस कमी आहेत. ते वाढवता येत नसतील, तर सात सरोवरांचा बेत या वर्षी सोडून त्याच भागातील गंगाबल आणि नुंदकोल ही दोन सरोवरे पाहून यावीत. आपल्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे या एका निर्णयावर अवलंबून आहेत, म्हणून तो आधी सविस्तर पाहू.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर आहे, निचनईचा तळ साधारण ३,५०० मीटरवर, निचनई खिंड ४,००० मीटरच्या वर आणि या वाटेवरची सर्वांत उंच गडसर खिंड सुमारे ४,२०० मीटरवर. भाऊजींच्या हिशेबाप्रमाणे शनिवारी सकाळी कोथरूडमध्ये चहा घेऊन निघालेली मंडळी रविवारची रात्र निचनईला काढणार आहेत आणि मंगळवारी दुपारी गडसर खिंडीत उभी राहणार आहेत. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के राहते, परंतु दाब उतरल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होतो. शरीर याची भरपाई करते. श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातील रसायनांचा तोल पुन्हा जुळवतात, पुढे तांबड्या पेशीही वाढतात. यांपैकी पहिल्या दोन बदलांनाच काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस कोणत्याही व्यायामाने आधी कमावून ठेवता येत नाहीत.

म्हणूनच उंचीवरच्या प्रवासासाठी डॉक्टर मंडळींनी घालून दिलेला नियम चालण्याच्या अंतराबद्दल काही सांगत नाही, तो रात्रीच्या मुक्कामाबद्दल बोलतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा तो नियम आहे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली उतरून झोपण्याला हरकत नसते, उलट त्याचा फायदाच होतो. हा नियम हातात धरून आपली आखणी वाचली, तर ती कोठे तुटते ते लगेच दिसेल: सोनमर्गला एकच रात्र, पुढे एकदम आठशे मीटर वर मुक्काम आणि संपूर्ण वाटेवर विश्रांतीचा एकही दिवस नाही.

या विशिष्ट वाटेची आणखी एक अडचण आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नकाशावर सरोवरांची नावे वाचताना ती लक्षात येत नाही. उंचीचा त्रास झाला की खरा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. पण निचनई खिंड ओलांडून विशनसरच्या तळावर पोहोचलेला माणूस सुमारे ३,७०० मीटरवर असतो आणि त्याला सोनमर्गला परत जायचे झाले, तरी आधी चारशे मीटर वर चढून तीच खिंड पुन्हा ओलांडावी लागते. गडसर खिंडीपलीकडे गेल्यावर परिस्थिती अधिक कठीण होते, कारण मागे गडसर, पुढे झज खिंड आणि मोटाररस्ता दोन्ही बाजूंना दूर. सरळ उतरून घरी जाता येईल अशी या ट्रेकमधील शेवटची जागा म्हणजे निचनईचा तळ, आणि तिथे आपण पहिल्याच रात्री असणार. त्रास होणार की नाही हे बऱ्याचदा पहिल्या एक-दोन रात्रींत कळते. अशा वाटेवर निचनईला पोहोचण्याआधीच शरीर उंचीला थोडेफार सरावलेले असले पाहिजे, आणि ते काम सोनमर्गमध्ये काढलेल्या जादा रात्रीच करू शकतात.

तेव्हा आठ रजा मिळत असतील, तर माझी आखणी अशी राहील. शनिवारी श्रीनगरला पोहोचून तिथेच मुक्काम करावा. रविवारी सोनमर्ग गाठावे. सोमवारी थाजीवास हिमनदीच्या दिशेने तीन-चार तास चालून यावे आणि रात्री पुन्हा सोनमर्गलाच झोपावे. मंगळवारी निचनई आणि बुधवारी विशनसर. गुरुवारी तळ न हलवता किशनसरपर्यंत आणि त्याच्या वरच्या चढावर थोडे जाऊन परत यावे. शुक्रवारी गडसर, शनिवारी सतसर, रविवारी गंगाबल. सोमवार मोकळा ठेवावा, मंगळवारी नारानागला उतरून श्रीनगर गाठावे आणि बुधवारी विमान पकडावे. यात निचनईची पहिली उडी नियमापेक्षा मोठीच राहते, पण मध्ये योग्य जागा नसल्यामुळे ती टाळता येत नाही. सोनमर्गच्या दोन रात्री आणि विशनसरचा मुक्काम तिची बरीच भरपाई करतात. मोकळा सोमवार गंगाबलला काढायचा आहे असे गृहीत धरू नका. पावसामुळे किंवा कोणाच्या प्रकृतीमुळे तो वाटेत कोठेही खर्च होऊ शकतो, आणि खर्च झाला तर विमान चुकत नाही एवढाच त्याचा उपयोग.

रजा पाचच मिळणार असतील, तर शनिवारी श्रीनगर, रविवार-सोमवार सोनमर्ग, मंगळवारी पहाटे गाडीने कंगनमार्गे नारानागला येऊन त्रुंखोलपर्यंत चढाई, बुधवारी नुंदकोल आणि गंगाबल, गुरुवार हाताशी राखलेला, शुक्रवारी उतरून श्रीनगर आणि शनिवारी पुणे, असे करावे. नारानाग ते त्रुंखोल ही चढण दमवणारी आहे, एका दिवसात हजार मीटरहून अधिक चढावे लागते. तरीही हा बेत मला अधिक सुरक्षित वाटतो, कारण या वाटेवर कोठूनही मागे वळले की उतारच लागतो आणि एका दिवसात गाडी मिळते. हे दुय्यम दर्जाचे समाधान आहे असेही समजू नये. गंगाबल या साखळीतील मोठ्या सरोवरांपैकी आहे, ५,१४२ मीटर उंचीचे हरमुख शिखर त्याच्या अगदी डोक्यावर उभे आहे आणि नारानागच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष वाटेच्या सुरुवातीलाच आहेत. काश्मिरी पंडितांची गंगाबलची यात्राही याच डोंगरात जाते.

आता तयारीबद्दल. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे सुमारे सहाशे मीटरची चढण, आणि ती दर आठवड्याला करणारे कुटुंब पायांच्या बाबतीत बऱ्याच जणांच्या पुढे आहे. त्याबद्दल चिंता नको. पण सिंहगडाची उंची १,३१२ मीटर आहे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि श्रीनगर शहरच जवळजवळ १,६०० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे ज्या उंचीवर आपला सह्याद्री संपतो, तिथे आपला ट्रेक अजून सुरूही झालेला नसतो. विरळ हवेत आपले शरीर कसे वागेल, याची परीक्षा पुण्याच्या आसपास कोठेही होऊ शकत नाही.

तासाभरात गड चढण्याचा यजमानांना असलेला अभिमान मी समजू शकतो. आपल्या शहरात रविवारी सकाळी गडावर भेटणारी मंडळी नमस्काराआधी वेळ सांगतात. ही सवय मात्र काश्मीरला निघण्यापूर्वी मोडावी लागेल. उंचीचा त्रास अशक्त माणसालाच होतो हा गैरसमज आहे. तो तरुणांना आणि धडधाकटांनाही तितकाच होतो, आणि जोमाने चालणारा माणूस लवकर उंच पोहोचतो, थकवा लपवतो व थांबायला तयार नसतो, म्हणून अनेकदा आधी त्यालाच गाठतो. त्यामुळे आपल्या चौघांपैकी मला अधिक काळजी यजमानांची वाटत नसून मुलीची आणि भाऊजींची वाटते. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा, ही साधी कसोटी सर्वांनी पाळावी. पुण्यात सराव करतानाच ती पाळू लागलात, तर तिथे वेगळे सांगावे लागणार नाही.

सरावात बदल करायचा तो दोन बाबतींत. पहिली बाब अशी, की आपले सर्व चढ एका सकाळचे आहेत आणि दुसऱ्या दिवशी आपण कार्यालयात असता, तर तिथे दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशीही सकाळी उठून पुन्हा चालायचे आहे. यासाठी महिन्यातून दोनदा तरी शनिवार-रविवार लागोपाठ चालावे: एक दिवस सिंहगड, दुसऱ्या दिवशी राजगड, किंवा राजगड ते तोरणा मध्ये मुक्काम करून. पाठीवर सहा-सात किलोची सॅक असावी, मग ती पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली असली तरी चालेल. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांगही उत्तम, मात्र ती दिवसा आणि पाऊस नसताना करावी. पावसाळ्यातील रात्री निसरड्यावर घोटा मुरगळून घेण्यात काही अर्थ नाही. दुसरी बाब उताराची. शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानागपर्यंत सुमारे १,४०० मीटर उतरायचे असते आणि चांगले चालणारेही तिथे गुडघे धरून बसतात. गडावरून पळत खाली येण्याऐवजी सावकाश, गुडघे किंचित वाकवून, काठ्यांचा आधार घेत उतरण्याचा सराव करा. आठवड्यातील इतर दिवशी वेताळ टेकडी आहेच.

यजमानांना न्यावे का, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनीच द्यायचे आहे, परंतु त्यांना काय विचारायचे ते मी सांगू शकेन. औषधाने नीट आटोक्यात असलेला रक्तदाब हे उंचीवर न जाण्याचे कारण सहसा ठरत नाही. अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर गोष्ट वेगळी. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढतो, त्यामुळे गोळी बंद करणे किंवा विसरणे चालणार नाही, आणि मोजण्याचे छोटे यंत्र बरोबर असावे. गोळी नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत आणि चढावर लवकर दम लागतो, तर काही लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून जी ॲसिटाझोलामाइड ही गोळी दिली जाते, जिला आपल्याकडे सगळे डायमॉक्स म्हणतात, तीही लघवी वाढवणारी आहे, म्हणून दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालायला हवा. सल्फा औषधांची ॲलर्जी कोणाला असेल तर ते आधी सांगावे. डॉक्टरांनी ती लिहून दिली, तर एक-दोन दिवस पुण्यातच घेऊन पाहावी. बोटांना मुंग्या येणे हा तिचा नेहमीचा परिणाम आहे आणि तो पहिल्यांदा तंबूत अनुभवण्यापेक्षा घरी अनुभवलेला बरा. ही गोळी शरीराला सरावण्यास मदत करते, मात्र कमी पडलेल्या दिवसांची जागा ती घेऊ शकत नाही. बावन्नाव्या वर्षी कार्डिओग्राम आणि ट्रेडमिलची चाचणी करून घेण्याबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्या.

त्रास ओळखायचा कसा, हे चौघांनाही पाठ असावे. डोकेदुखी आणि तिच्याबरोबर मळमळ, भूक न लागणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा यांपैकी काही असेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असे धरून चालावे. त्या दिवशी वर चढायचे नाही, आणि एका दिवसाच्या विश्रांतीनंतरही उतार पडला नाही तर खाली जायचे. बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, छातीत घरघर ही फुफ्फुसांत पाणी होत असल्याची लक्षणे आहेत. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणे ही मेंदूला सूज येत असल्याची. या दोन्हींत सकाळ होण्याची वाट पाहायची नसते. कोविडच्या काळात घरात आलेला ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण ३,५०० मीटरच्या वर ८५ ते ९० च्या दरम्यानचा आकडा निरोगी माणसातही दिसतो आणि गार बोटांवर तो आणखी चुकतो. म्हणून आकडा चांगला आहे तेव्हा डोकेदुखीकडे दुर्लक्ष करावे, किंवा आकडा पाहून रात्रभर जागे बसावे, हे दोन्ही टाळावे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य पूर्ण वर्ज्य. तहान भागेल इतके, दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यावे. त्याहून जास्त पाणी प्यायल्याने उंचीचा त्रास टळतो हे खरे नाही.

आणि एक गोष्ट पुण्यातच, चौघांनी एकत्र बसून ठरवावी: कोणी मागे फिरायचे झाले तर त्याच्याबरोबर कोण जाईल? आजारी माणसाला एकट्याला किंवा फक्त घोडेवाल्याबरोबर कधीही पाठवायचे नाही. मुलीला त्रास झाला तर आपण, यजमानांना झाला तर भाऊजी, असे काहीतरी नक्की असू द्या. तिथे गेल्यावर सात सरोवरे समोर दिसत असताना, खर्च झालेला असताना आणि एकमेकांच्या हौसेचा विचार मनात असताना घरातील माणसे एकमेकांपासून लक्षणे लपवतात. हे विशेषतः संयमी आणि सोशीक माणसांच्या बाबतीत घडते. म्हणून थांबायचे की पुढे जायचे हा निर्णय घरातील कोणाकडेही ठेवू नये, तो बरोबरच्या ट्रेक लीडरचा असावा आणि त्यावर चर्चा करायची नाही, हेही आधीच ठरलेले असावे.

यातूनच आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पहिल्याच हिमालयी ट्रेकला केवळ घोडेवाल्याच्या भरवशावर जाऊ नये. तिथले घोडेवाले वाट, हवामान आणि ओढे यांबाबत कोणत्याही शहरी लीडरपेक्षा अधिक जाणतात. परंतु फुफ्फुसांत पाणी झालेला माणूस ओळखणे, प्राणवायू देणे आणि नाही म्हणणे हे त्यांचे काम नाही, आणि पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सहसा अडवतही नाहीत. कंपनी निवडताना जेवणाच्या फोटोंपेक्षा पुढील गोष्टी विचाराव्यात. लीडरने उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग किंवा पहलगाम येथील शासकीय गिर्यारोहण संस्थेचा अभ्यासक्रम केला आहे का, आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का? किती माणसांमागे एक लीडर असतो? प्राणवायूचे सिलिंडर आणि स्ट्रेचर तळावर असतात की चालणाऱ्या गटाबरोबर? विशनसरला विश्रांतीचा दिवस आहे का? शेवटच्या प्रश्नाला "वेळ वाचवण्यासाठी आम्ही तो काढला आहे" असे उत्तर मिळाले, तर दर कितीही कमी असला तरी ती कंपनी सोडून द्यावी. चौघांसाठी स्वतंत्र लीडर आणि घोडे घेऊन जाणारे स्थानिक आयोजकही असतात. अनोळखी वीस जणांच्या गटाच्या वेगाने चालण्यापेक्षा हा मार्ग आपल्याला अधिक मानवेल, खर्च थोडा अधिक आला तरी.

महिन्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी ऑगस्टचा पहिला पंधरवडा मी टाळेन. अमरनाथ यात्रा श्रावण पौर्णिमेपर्यंत चालते आणि बालतालचा रस्ता सोनमर्गवरूनच जातो, त्यामुळे गाड्यांच्या रांगा, तपासण्या आणि मुक्कामाची टंचाई असते. शिवाय स्वातंत्र्यदिनाचा बंदोबस्त असतो. पीर पंजालच्या रांगेमुळे आपल्यासारखा धो-धो पावसाळा काश्मीर खोऱ्यात नसतो, पण पाऊस नसतोच असे नाही. ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. तोवर खिंडींतील बर्फ बहुधा गेलेला असतो आणि ओढ्यांचे पाणीही कमी झालेले असते. यात आपल्याकडच्या गणपतीची अडचण येते हे उघड आहे. कालनिर्णय समोर ठेवून गणपती बसण्याआधी परतायचे की विसर्जनानंतर निघायचे ते ठरवा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेलात तर आकाश अधिक स्वच्छ मिळेल, मात्र रात्री पारा शून्याजवळ जाईल. तिकिटे काढण्यापूर्वी ट्रेक खुला आहे का, याची जम्मू-काश्मीरच्या पर्यटन विभागाकडे खात्री करून घ्या. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर खोऱ्यातील अनेक पर्यटनस्थळे बंद ठेवण्यात आली होती, आणि हा सर्व भाग नियंत्रण रेषेपासून फार दूर नाही. वाटेवर लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, तेव्हा आधार कार्ड मूळ प्रतच हवे. प्रवासविमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे ते बारीक अक्षरांत वाचा, कारण अनेक विम्यांत उंचीची मर्यादा घातलेली असते.

बूट आणि कपडे यांवर लोक जितका विचार करतात तितका आवश्यक नाही. घोट्यापर्यंतचे, चांगल्या पकडीचे बूट आत्ताच घ्या आणि पुढचे सगळे सिंहगड त्यांतच चढा, नवे बूट थेट सोनमर्गला उघडू नका. सुती कपडे आणि जीन्स अजिबात नकोत. ओला सुती सदरा ४,००० मीटरवरच्या वाऱ्यात अंगातील ऊब ओढून घेतो आणि भर ऑगस्टमध्येही माणूस गारठून आजारी पडू शकतो. लवकर वाळणारे दोन सदरे, एक फ्लीस, एक जाड जाकीट, एक खरोखर पाणी अडवणारे जाकीट, लोकरीची टोपी, हातमोजे, तीन जोड मोजे आणि गडद चष्मा एवढ्यात भागते. सॅकच्या आत मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत कपडे व स्लीपिंग बॅग ठेवावी, बाहेरच्या आवरणावर विसंबू नये. खाण्याचे मात्र थोडे आपले न्या. त्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळते, डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि भूकही मंदावते. अशा वेळी परिचयाची चव उपयोगी पडते, म्हणून शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, लिंबाचे लोणचे आणि मेतकूट यांना माझी पसंती आहे. रोज खिंड दुपारच्या आधी ओलांडली जावी म्हणून सकाळी सहाला निघण्याची तयारी ठेवा. दुपारनंतर ढग जमतात, विजा होतात आणि वितळणाऱ्या बर्फाने ओढे फुगतात.

भाऊजींनी मागवलेल्या यंत्राबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: ते घरीच ठेवा. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाहीत, आणि विमानतळावरील तपासणीत ते सापडल्यास चौकशी व गुन्हा दाखल होण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. सीमेलगतच्या भागात तर हे अधिक गांभीर्याने घेतले जाते. ड्रोन असल्यास तोही नेऊ नका. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून चौघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असू द्या. सोनमर्ग सोडल्यावर मात्र नारानागला उतरेपर्यंत फोन लागेल असे धरून चालू नका.

सासूबाईंची नापसंती बऱ्याच अंशी या न लागणाऱ्या फोनमुळे असावी, असा माझा अंदाज आहे. त्यांच्यासाठी एका कागदावर मोठ्या अक्षरांत तारीखवार मुक्काम लिहून द्या, कोणत्या दिवशी फोन येणार नाही तेही लिहा, आणि त्याखाली आयोजकाच्या श्रीनगरमधील कार्यालयाचा क्रमांक द्या. आपला फोन मंगळवारी रात्री यायचा आहे. बुधवारी सकाळी दहापर्यंत आला नाही, तर त्या क्रमांकावर कोणी फोन करायचा, हे पुण्यात राहणाऱ्या एखाद्या जबाबदार नातेवाइकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती वेळ सासूबाईंवर एकट्याने येणार नाही.